कान लावणं

(पुसेगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांना गाव नावापेक्षा ‘रेडिओवाले मिस्त्री’ म्हणूनच जास्त ओळखत होतं. स्मृतिव्याख्यानात मोठे विषय घ्यायची रीत आहे. मी मात्र आज बोटाच्या पेराएवढ्या एका खुंटीवर बोलणार आहे. हातात मावणाऱ्या सिग्नल मीटरवर ही खुंटी असते. ती फिरवली की मीटरमधल्या बझरचा सूर चढतो किंवा उतरतो. छत्री लावायला, म्हणजे डिश बसवायला जाणाऱ्या पोराच्या पिशवीत पाना, वायर आणि हे मीटर असतंच. पण ती खुंटी किती फिरवायची आणि कधी मागे घ्यायची, हे फार थोड्यांना कुणी समजावून सांगितलेलं असतं. मिस्त्रींनी ते मला शिकवलं. त्या आधारावर मी पुढे आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात मुलांना शिकवलं. जे या गावातून घेऊन गेलो ते आज गावापुढे ठेवायचं आहे.

आपल्या भाषेत ‘लावणं’ हे एक फार मोलाचं क्रियापद आहे. भजनाआधी आपण वीणा लावतो, पखवाज लावतो. रेडिओवर स्टेशन लावतो. घरावर छत्री लावतो. आणि कुणाचं बोलणं नीट समजून घ्यायचं असेल तर कान लावतो. यंत्र जुळवणं आणि मन जुळवणं या दोन्हींसाठी आपल्याला एकच शब्द पुरतो.

भजनाला बसण्याआधी पखवाजवाला काय करतो ते आठवा. डाव्या तोंडाला कणीक थापतो, उजवीकडचे गट्टे हातोडीनं वर-खाली करतो, आणि दर दोन ठोक्यांनंतर हलकीच थाप देऊन ऐकतो. पेटीवाल्याला म्हणतो, सूर धर, पण हळू धर. पेटी भरून वाजत असली तर त्याला आपल्या पुडीतला फरक ऐकू येत नाही. संत नामदेवांचं नरसी आपल्या शेजारी. या भागातल्या प्रत्येक गावात भजनी मंडळ आहे. तेव्हा मी आज जे सांगणार आहे, ते तुमच्या कानांना नवं नाही. फक्त ते यंत्राच्या बाबतीतही तितकंच खरं आहे, एवढं मला दाखवायचं आहे.

माझ्या लहानपणी घरात बाहेरचं जग यायचं ते परभणी आकाशवाणीवरून. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ. एकेक लाट २३० मीटर लांबीची. संध्याकाळी ट्रान्झिस्टर खरखरू लागला की आजोबा तो उचलून जरासा फिरवायचे आणि आवाज पुन्हा भरायचा. मला ती आजोबांच्या हाताची किमया वाटायची. एकदा मिस्त्रींच्या दुकानात तोच ट्रान्झिस्टर उघडून पडला होता. आत एक काळी कांडी होती, खडूसारखी, आणि तिच्यावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे. मिस्त्री म्हणाले, ही फेराइटची कांडी म्हणजे याचा कान. परभणी आपल्या दक्षिणेला. कांडीचं टोक परभणीकडे केलं की आवाज बसतो. कांडी पूर्व-पश्चिम आडवी धरली की भरतो.

मग त्यांनी मला एक काम दिलं. आवाज सगळ्यात मोठा कुठे येतो, ती दिशा दाखव. मी ट्रान्झिस्टर फिरवत राहिलो आणि गोंधळलो. आवाज मोठा होता तिथे वीस-पंचवीस अंश इकडे-तिकडे केलं तरी फरकच कळेना. मग म्हणाले, आता सगळ्यात बारीक कुठे होतो ते दाखव. ते मात्र झटकन सापडलं. दोन-चार अंशांच्या आत आवाज खाली पडायचा आणि लगेच उठायचा. पुढे शिकल्यावर कारण समजलं. अशा कांडीच्या ग्रहणशक्तीचा माथा रुंद आणि सपाट असतो, दरी मात्र अरुंद आणि खोल असते. शिवाय लांबचं-जवळचं स्टेशन सारख्याच आवाजात ऐकू यावं म्हणून रेडिओत आपोआप आवाज सावरणारी रचना असते. ती मोठ्या आवाजातले फरक आणखी झाकून टाकते. आजही हौशी रेडिओवाले लपवून ठेवलेला ट्रान्समीटर शोधण्याच्या स्पर्धा घेतात. त्या खेळाला ते ‘फॉक्स हंटिंग’ म्हणतात. त्यातला मुरलेला खेळाडू आवाज वाढवत पळत नाही. तो आवाज पडण्याची दिशा शोधतो, आणि ट्रान्समीटरच्या जवळ जाईल तसतशी रिसीव्हरची संवेदनशीलता कमी करत नेतो. दिशा बारीक आवाजात असते, हा धडा मला दुकानाच्या पायरीवर मिळाला.

पुढे छत्र्यांचे दिवस आले. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही सेवा सुरू झाली. तीच आजची ‘डीडी फ्री डिश’. एकदा छत्री आणि बॉक्स घेतला की महिन्याचं भाडं नाही. माळवदांवर, पत्र्यांवर, गोठ्याच्या मेढीलासुद्धा छत्र्या दिसू लागल्या. आज ही सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते, तो भारतीय वेळेनुसार ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे फ्रेंच गयानातल्या कुरू इथून उडाला. विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो असतो. पृथ्वीच्या गतीनंच फिरतो म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखा वाटतो. पुसेगावातून त्याची जागा आग्नेयेला येते. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजलं तर साधारण १३९ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर. इथून त्याचं सरळ अंतर साडेछत्तीस हजार किलोमीटर भरतं.

आता छत्रीकडे पाहा. ६० सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. बरोबर रोखलेली छत्री दीड अंश ढळली की येणारी शक्ती निम्मी होते. आणि दीड अंश म्हणजे छत्रीच्या काठाशी किती? आठ मिलिमीटर. करंगळीच्या नखाएवढा काठ हालला की वर आकाशात तुमचा नेम साडेनऊशे किलोमीटर चुकलेला असतो. त्यात आणखी एक फसगत आहे. आपल्याकडच्या छत्र्यांत एलएनबी, म्हणजे सिग्नल झेलणारा भाग, मधोमध नसतो, खालून आलेल्या दांड्यावर असतो. त्यामुळे छत्रीचं तोंड जिकडे दिसतं, त्याच्या वीस-पंचवीस अंश वर तिची खरी नजर असते. डोळ्यानं नेम धरणारा इथे हमखास चुकतो. म्हणून मीटर लागतं.

हे साधं मीटर आतून फार प्रामाणिक यंत्र आहे. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या असतात. त्या वायरीतून खाली आणायच्या तर वाटेतच विरून जातील. म्हणून एलएनबी त्यांना ९५० ते २१५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरवतो आणि मग वायरीत सोडतो. बॉक्स त्याच वायरीतून वर १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो. मीटर या दोघांच्या मध्ये जोडलं जातं आणि त्याच विजेवर चालतं. त्या पट्ट्यात जी काही शक्ती येते, ती सगळी एकत्र मोजून मीटर तिचं व्होल्टेज करतं. ते व्होल्टेज एका बाजूनं काट्याला जातं, दुसऱ्या बाजूनं एका दोलकाला. व्होल्टेज वाढलं की दोलकाची कंपनं वाढतात आणि बझरचा सूर चढतो. खुंटीचं काम एवढंच की सूर कुठे सुरू व्हावा आणि कुठे टोकाला जावा, हे ठरवणं.

खुंटी पूर्ण उजवीकडे नेली तर मीटर एलएनबीच्या स्वतःच्या खरखरीवरच ओरडतं. छत्री भिंतीकडे वळवली तरी ओरडतं, उलट जरा जास्तच, कारण तापलेली भिंत आणि जमीनसुद्धा रेडिओलहरी सोडत असते. खुंटी पूर्ण डावीकडे नेली तर छत्री उपग्रहावर रोखलेली असूनही मीटर मुकं राहतं. कामाची जागा या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती एका जागी राहत नाही. छत्री जशी जुळत जाते तशी ती जागा सरकते.

म्हणून पद्धत अशी. छत्री आकाशाकडे धरून खुंटी इतकीच वाढवायची की सूर नुकता उमटेल. मग छत्री आडवी, अगदी हळू, मुंगीच्या चालीनं फिरवायची. एका ठिकाणी सूर चढू लागतो, वर जातो, आणि टोकाला पोचून तिथेच चिकटतो. शिकाऊ मुलगा इथे थांबतो. मीटर पूर्ण आवाजात ओरडतंय, म्हणजे सापडलं, असं म्हणून तो पाना घेतो आणि बोल्ट आवळतो. जाणता माणूस नेमका इथेच खुंटी मागे घेतो. सूर पुन्हा नुकता उमटेल इथपर्यंत खाली आणतो आणि परत छत्री हलवतो. आता सूर आणखी चढायला जागा असते. पुन्हा चढला, पुन्हा टोकाला गेला, की पुन्हा खुंटी मागे. असं तीन-चार वेळा केलं की मघाशी सपाट वाटलेल्या माथ्याचा खरा शेंडा हाती लागतो. मग तसंच वर-खाली कोनासाठी करायचं. त्यानंतर एलएनबी आपल्या जागी थोडा फिरवून पाहायचा. बोल्ट आवळताना एकच बोल्ट घट्ट करायचा नाही. आळीपाळीनं थोडा-थोडा आवळायचा आणि आवळताना कान मीटरवर ठेवायचा, कारण आवळण्यानंही छत्री सरकते. सगळं झालं की मीटर मधून काढून वायर सरळ जोडायची. मीटर स्वतःही थोडा सिग्नल खातं.

यश मिळाल्यासारखं वाटतं, यंत्र जोरात हाक देतं, तेव्हा हात आपोआप थांबतो. त्याच क्षणी आवाज स्वतःहून कमी करायचा, हे मनाला शिकवावं लागतं. भरलेल्या आवाजात फरक ऐकू येत नाही, आणि मोजमाप म्हणजे फरकच असतो. मिस्त्री माझ्या हातावर हात ठेवून खुंटी मागे न्यायचे आणि म्हणायचे, ‘कमी कर, मग ऐकू येईल.’ या एका वाक्याची सावली माझ्या पुढच्या सगळ्या शिकवण्यावर आहे.

मी स्वतः यात चुकलो आहे. पहिल्यांदा एकट्यानं छत्री लावायला गेलो होतो, सेनगावच्या बाजूला एका वस्तीवर. दुपारची वेळ, पत्रे तापलेले, खाली घरातली पोरं टीव्हीसमोर वाट पाहत बसलेली. मीटर ओरडलं. मी बोल्ट आवळले आणि खाली आलो. बॉक्सवर पाहिलं तर ‘स्ट्रेंथ’ची पट्टी भरलेली आणि ‘क्वालिटी’ शून्य. चित्र नाही. मी तासभर वायर तपासली, जोड बदलले, बॉक्सला दोष दिला. पोरं एकेक करून उठून गेली. संध्याकाळी मिस्त्री आले, छत्रीकडे पाहिलं आणि म्हणाले, तू वेगळ्याच घरी जाऊन बसलास. मी ८३ अंशांवरच्या दुसऱ्या उपग्रहावर छत्री रोखली होती. दिशा पंचवीसेक अंश दक्षिणेकडे गेली होती. तिथेही उपग्रह होता, त्याचाही सिग्नल जोरदार होता, म्हणून मीटर खरंच बोललं होतं. ते शक्ती मोजतं. ती शक्ती कुणाची, हे त्याला कळत नाही. ९५ अंशांवर तर आणखी एक जागा आहे, आपल्या उपग्रहापासून दीडच अंशावर. तीन अंशांची नजर असलेली छत्री त्या दोघांना वेगळं पाहूच शकत नाही. तिथे शेवटचा निवाडा बॉक्सच्या ‘क्वालिटी’च्या पट्टीवरच करावा लागतो. जोर आणि गुण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दिवसानंतर मी वर्गात पहिल्या तासाला हेच शिकवत आलो. त्या वस्तीवर वाट पाहून उठून गेलेल्या पोरांचं ते देणं होतं.

कुणी म्हणेल, काटा असताना सुराची गरज काय? छतावर चढलेल्या माणसाकडे पाहा. एक पाय पत्र्याच्या कडेला, दुसरा भिंतीवर. एका हातात छत्री, दुसऱ्यात पाना. जवळून विजेची तार गेलेली. त्याचे डोळे पायाखाली आणि तारेवर हवेत. काटा वाचायला त्यानं मान वळवली की एक तर छत्री हलते, नाही तर तो हलतो. कान मात्र मोकळा असतो. कानाला कुठे वळावं लागत नाही. आणि तो तसा चोखंदळही असतो. हजार हर्ट्झच्या आसपासच्या सुरात तीन-चार हर्ट्झचा बदलही सरावलेल्या कानाला कळतो. आवाजाच्या जोरातला तेवढाच बारीक बदल मात्र कळत नाही. म्हणूनच चांगलं मीटर सिग्नल वाढला की आवाज मोठा न करता सूर उंच करतं.

डोळ्याऐवजी कानावर विसंबण्याची ही युक्ती रेडिओच्या जन्माइतकी जुनी आहे. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी दूरची घंटा वाजवून दाखवली. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी न्यूफाउंडलंडच्या एका टेकडीवर बसला होता. अटलांटिकच्या पलीकडे, इंग्लंडमधल्या पोल्धूहून, तीन ठिपक्यांचा संकेत येणार होता. नेहमी कागदावर ठिपके उठवणारं यंत्र इतका क्षीण सिग्नल टिपू शकलं नसतं. म्हणून त्यानं टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला, आणि तीन टिकटिक ऐकू आल्याचं सांगितलं.

दवाखान्यातही हेच आहे. कोरोनाच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घराघरात पोचलं. त्या यंत्रामागची कल्पना १९७० च्या दशकात जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी मांडली. शस्त्रक्रियेच्या खोलीतल्या मोठ्या यंत्रात प्रत्येक ठोक्याला एक सूर असतो, आणि रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की तो सूर खाली उतरतो. भूल देणारे डॉक्टर रोग्याकडे पाहत असतात आणि कान त्या सुरावर असतो. पडद्याकडे मान वळायच्या आधी त्यांना कळतं की सूर पडला. तो आवाज कुणी त्रासून बंद केला तर एक पहारेकरीच झोपवल्यासारखं होतं. आणि तो इतका मोठा ठेवला की माणसं त्याकडे दुर्लक्ष करायला शिकली, तर परिणाम तोच. म्हणजे तिथेही प्रश्न तोच आहे, खुंटी कुठे ठेवायची हा.

इथे बसलेल्या आणि हे काम करणाऱ्या मुलांसाठी थोडं कामाचं बोलतो. आता डिजिटल मीटरं आली आहेत. त्यांत खुंटीऐवजी मेनूत आवाजाची पानं असतात. पहिलं, उंबरठा. किती सिग्नलला सूर सुरू व्हावा ते ठरवता येतं. तो उघड्या आकाशाच्या खरखरीच्या जेमतेम वर ठेवा. दुसरं, सुराची धाव, म्हणजे खालची आणि वरची कंपनसंख्या. छोट्या बझरचा आवाज तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास सगळ्यात कर्कश असतो, आणि आपला कानही तिथेच सगळ्यात तल्लख असतो. दिवसभर तो आवाज ऐकला की संध्याकाळी डोकं बधिर होतं. धाव खाली आणता येत असेल तर तीनशे ते बाराशे हर्ट्झच्या दरम्यान ठेवा. वय झालेल्या कारागिरांना वरचे सूर कमी ऐकू येतात, त्यांच्यासाठीही हे बरं. साध्या मीटरमध्ये ही सोय नसते. तिथे बझरच्या छिद्रावर चिकटपट्टीचा तुकडा लावला तरी धार कमी होते.

तिसरी गोष्ट सरासरीची. मीटर दर क्षणाची नोंद जशीच्या तशी सुरात उतरवू लागलं तर सूर थरथरत राहतो. जास्त वेळाची सरासरी काढली तर सूर स्थिर होतो, पण उशिरा बोलतो. तुम्ही छत्री शेंड्याच्या पुढे नेलेली असते आणि मीटर आत्ता कुठे मागचं सांगत असतं. शोधताना सरासरी कमी ठेवा. शेवटची जुळणी करताना वाढवा, आणि प्रत्येक हलवण्यानंतर दोन श्वास थांबा. डिजिटल मीटर योग्य उपग्रह ओळखला की वेगळा सूर देतं. त्याला ते ‘लॉक’ म्हणतात. तो यायला काही सेकंद लागतात. त्याच्या आधी घाईनं पुढे गेलात तर दारावरून परत आल्यासारखं होईल. चौथं, इअरफोन लावायचा तर एकाच कानात. दुसरा कान खालून हाक मारणाऱ्या माणसासाठी आणि तारेच्या गुणगुणीसाठी उघडा राहू द्या.

इतकं बारीक जुळवायचं कशासाठी? छत्री थोडी इकडे-तिकडे असली तरी चित्र येतंच की, असं गिऱ्हाईक म्हणतं आणि घाईत आपणही म्हणतो. डिजिटल चित्राचा स्वभाव असा आहे की सिग्नल पुरेसा असेपर्यंत ते स्वच्छ दिसतं, आणि उंबरठ्याखाली गेला की एकदम जातं. जुन्या टीव्हीसारख्या मुंग्या दाखवून ते आधी इशारा देत नाही. अकरा-बारा गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात. एप्रिलच्या कोरड्या आकाशात निष्काळजीपणे लावलेली छत्री मृगाच्या पहिल्या सरीत तिचा खरा हिशेब सांगते. सोयाबीन पेरायचं की दोन दिवस थांबायचं, या प्रश्नावर घरातली माणसं हवामानाची बातमी लावून बसलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठतं. तीन-चार वेळा खुंटी मागे घेऊन मिळवलेला तो थोडासा जास्तीचा सिग्नल त्या सरीसाठी राखून ठेवलेला असतो. तो कोरड्या दिवशी दिसत नाही. त्याबद्दल कुणी कारागिराला दोन रुपये जास्तही देत नाही. तरीही तो राखायचा, कारण ते काम आपलं आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातल्या एका मोठ्या कामाकडे येतो. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा इथे ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिचे दोन हात काटकोनात असतील, प्रत्येक चार किलोमीटर लांब. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत एकत्र येतात तेव्हा अवकाशातच लाट उठते. ती लाट इथून जाताना त्या चार किलोमीटरच्या हाताची लांबी प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी बदलते. तेवढा बदल मोजायचा आहे.

अशी लाट पहिल्यांदा सापडली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टन आणि हॅनफर्ड इथल्या दोन वेधशाळांत. ११ फेब्रुवारी २०१६ ला ती जगाला सांगितली गेली. शास्त्रज्ञांनी त्या दिवशी आलेखाबरोबर एक आवाजही ऐकवला. दोन कृष्णविवरं जवळ येताना लाटेची कंपनसंख्या सुमारे ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढली, तीही सेकंदाच्या पाचव्या हिश्शात. ती माणसाच्या कानाच्या पट्ट्यात येते, पण इतकी खाली की घुमल्यासारखी वाटते. म्हणून तीच लाट थोडी वरच्या सुरात सरकवूनही ऐकवली. तेव्हा ती चिमणीच्या चिवचिवाटासारखी उठली. मी तो आवाज ऐकला आणि मला मिस्त्रींचा बझर आठवला. सिग्नल कानाला पेलेल अशा पट्टीत आणायचा, आणि मग त्याच्या चढण्यातून ऐकायचं काय घडतंय ते. काम तेच होतं, फक्त अंतर एक अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडचं होतं.

आणि दिशेचं काय? ती लाट लिव्हिंगस्टनला आधी पोचली आणि हॅनफर्डला सात मिलिसेकंदांनी. आपले दोन कान हाकेची दिशा अशाच फरकावरून ओळखतात. आवाज एका कानात दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो, आणि आपण तिकडे मान वळवतो. पण दोन कानांवरून आकाशात एक रुंद पट्टाच कळतो, नेमकी जागा नाही. इटलीतली ‘व्हर्गो’, जपानमधली ‘काग्रा’ आणि उद्या आपल्या औंढ्याजवळची ही वेधशाळा एकत्र ऐकू लागल्या की तो पट्टा आवळत जाईल. पृथ्वीचा एक कान आपल्या जिल्ह्यात असणार आहे. ही गोष्ट मला मनापासून अभिमानाची वाटते.

त्या यंत्राला सगळ्यात जास्त लागणार आहे ती शांतता. जमिनीचे बारीक हादरे, रस्त्यावरची जड वाहनं, वारा, माणसांची वर्दळ, हे सगळं त्याच्या कानात खरखर बनून येतं. तिथले शास्त्रज्ञ ती खरखर एकेक करून कमी करतील, आणि खाली उरेल ते ऐकतील. त्यांच्या हातात बोटाएवढी खुंटी नसेल, पण शिस्त तीच असेल. या भागातल्या मुलांनी ते काम परकं समजू नये, असं मला कळकळीनं वाटतं. ज्या मुलानं पत्र्यावर उभं राहून, मीटर ओरडत असताना, सापडलं असं न म्हणता खुंटी मागे घेतली आहे, तो मोजमापाचं पहिलं तत्त्व हातानं शिकलेला आहे. त्याला गणित शिकवता येईल, लेझर शिकवता येईल. ती शिस्त पुस्तकातून शिकवणं फार अवघड असतं. या मुलांना औंढ्याच्या दारापर्यंत नेणं ही माझ्यासारख्या शिक्षकांची, शाळांची आणि तुम्हा पालकांची जबाबदारी आहे.

मिस्त्रींच्या दुकानात शेवटी शेवटी रेडिओ कमी आणि छत्र्यांचं सामान जास्त असायचं. त्यांचा एक कान कमी ऐकू लागला होता. तरी कुणी मीटर घेऊन आला की ते चांगला कान पुढे करायचे, डोळे मिटायचे आणि अंगठ्यानं खुंटी मागे न्यायचे. सूर उतरायचा, उतरायचा, आणि एका जागी धाग्यासारखा बारीक होऊन उरायचा. तिथे त्यांचा अंगठा थांबायचा आणि दुसरा हात छत्रीकडे जायचा.

त्या थांबलेल्या अंगठ्याला नमस्कार करून मी थांबतो.